सामानापाशी अक्का

‘‘चष्मे, मोबाईल, पाकिटं, जे काय असेल ते अक्काकडे द्या,’’ मी म्हणालो आणि मनगटावरचं घड्याळ काढून तिच्यापुढं धरलं.

अक्कानं हात पुढं केला नाही.

‘‘या खेपेला सामानापाशी दुसरं कुणीतरी बसा,’’ ती म्हणाली. ‘‘मी वर जाणार आहे.’’

देवबागच्या जेटीवर आम्ही चौघं उभे होतो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. समोर पॅरासेलिंगची बोट धक्क्याला लागत होती आणि दूर समुद्रावर दुसऱ्या कुठल्या तरी बोटीमागं एक रंगीत छत्री तरंगत होती. माझी बायको वैजू हसली. आमची मुग्धा तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं ‘‘आत्या, सॉलिड!’’ म्हणून अक्काच्या गळ्यात हात टाकले. मीही हसलो. मला तो विनोदच वाटला होता.

आमच्या घरात ही रीतच होती. सहल कुठलीही असो, सामानापाशी अक्का. आम्ही पन्हाळ्यावर हिंडलो तेव्हा ती बुरुजाखाली पिशव्या घेऊन बसली. आंबोलीला धबधब्याच्या अलीकडं, नरसोबाच्या वाडीला घाटाच्या वरच्या पायरीवर. परत आल्यावर ती ज्याचं त्याला बिनचूक देई, आणि चुरमुऱ्याचा पुडा सोडून विचारी, ‘‘काय काय बघितलंत, सांगा.’’ असं कुणी ठरवलं नव्हतं. पण दुसरं काही असू शकतं, असंही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि अक्काचा डावा पाय वाळला. गुडघ्यापासून टाचेपर्यंत दोन लोखंडी सळ्या, चामड्याचे पट्टे आणि जाड तळाचा बूट. मिरजेला एक कारागीर तो करून द्यायचा. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. एकाच शाळेत होतो, अर्ध्या मैलावर. मी पुढं चालायचो, ती मागून यायची. घरी गेल्यावर आईला कौतुकानं सांगायची, ‘‘दिगूचे पाय कसले चांगलेत! मी गिरणीच्या कोपऱ्यावर पोचते तोवर हा शाळेत.’’

मोठेपणी ती सांगलीच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागली. लग्न केलं नाही. बत्तीस वर्षं नकाशे काढले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. फळ्यासमोर एका पायावर भार देऊन ती एका दमात अख्खा कोकण किनारा काढायची, असं तिच्या विद्यार्थिनी अजून सांगतात.

‘‘अक्का, उगाच काहीतरी काय?’’ मी म्हणालो.

‘‘उगाच नाही. वाळूचा दांडा शिकवलाय मी बत्तीस वर्षं. एकीकडं नदी, एकीकडं समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. अरे, आपण उभे आहोत ते हेच की! पण खाली उभं राहून काय दिसतं? नारळाची झाडं. मला वरनं बघायचाय. एकदाच.’’

तेव्हा मला तिच्या अंगावरच्या मोरपंखी पंजाबी ड्रेसचा उलगडा झाला. मोठी झाल्यापासून अक्कानं साडीशिवाय काही अंगाला लावलं नव्हतं. आम्हाला वाटलं, प्रवासात सोयीचं म्हणून घेतला असेल. ती सांगलीहूनच ठरवून आली होती.

जेटीवर एक छापील फॉर्म भरून द्यावा लागे. रक्तदाब, दमा, छातीचा विकार, असं सगळं विचारलेलं. खाली स्वतःची सही आणि घरच्या माणसाची सही. अक्कानं गोल, टपोऱ्या अक्षरात प्रत्येक ओळीपुढं ‘नाही’ लिहिलं आणि कागद माझ्यापुढं केला. मी सही केली. खरं सांगायचं तर मी बोटवाल्याच्या भरवशावर होतो. तो तिचा बूट बघेल आणि नको म्हणेल, परस्पर काम होईल, मला वाईट व्हायला नको.

बोटवाल्याचं नाव बाबल. पन्नाशीचा, काटक, डोक्याला पंचा गुंडाळलेला. त्यानं फॉर्म बघितला, बूट बघितला आणि हात पुढं केला.

‘‘ताई, हात देवा. पायरी निसरडी आसा.’’

बस्स. एवढंच. अक्का त्याचा हात धरून टकटक करत बोटीत चढलीसुद्धा.

बोटीवर आमच्याखेरीज पिवळ्या टोप्या घातलेली पुण्याची आठ तरुण मंडळी होती. एका ऑफिसातली असावीत. सगळ्यांच्या हातात मोबाईल, ज्याचं त्याचं चित्रण चाललेलं. बाबलचा भाऊ सुकाणूवर होता. खाडीच्या तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांनी छत्री फुगवली. मागच्या फळीवर दोघांना बसवायचं, मांड्यांना आणि कमरेला पट्टे आवळायचे आणि मोठ्या चाकावरचा दोर सोडायचा, की माणसं बसल्या बसल्या वर. धावायचं नाही, उडी मारायची नाही.

आधी त्या मंडळींतले चौघं जाऊन आले. मग वैजू आणि मुग्धा गेल्या. वैजूची किंकाळी ऐकून बोट हसली. त्यांच्यानंतर मी आणि अक्का, असं ठरलं होतं.

त्या दोघी वर असतानाच अक्कानं सलवार गुडघ्यापर्यंत सरकवली आणि बुटाचे पट्टे सोडायला घेतले.

मी तो पाय कित्येक वर्षांत उघडा बघितला नव्हता. घरातसुद्धा ती साडी पायघोळ नेसायची. मनगटाएवढी पोटरी, पांढुरकी, पट्ट्यांचे काळे वळ उमटलेली. अक्का मात्र शाळेतनं घरी आल्यासारखी निवांत होती. तिनं सळ्यांसकट बूट काढून बाकाखाली सरकवला, पाय वाऱ्याला मोकळा सोडला आणि माझ्याकडं बघून हसली.

‘‘हे लोखंड कशाला वर न्यायचं?’’ ती म्हणाली.

पिवळ्या टोपीतली एक मुलगी पायाकडं बघत होती. तिनं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. त्यानं मोबाईल किंचित खाली वळवला. कदाचित काही दुसरंच टिपत असेल. पण माझ्या कानशिलात रक्त चढलं. आता दोघं मिळून तिला उचलणार, पट्टे बांधणार, तो पाय हवेत लोंबणार आणि हे सगळे खालून बघणार, टिपणार. शेजारी मी.

मी उठून बाबलपाशी गेलो.

‘‘जरा ऐका,’’ मी हळूच म्हणालो. ‘‘ताईंना नका पाठवू. छातीचा त्रास आहे तिला.’’

बाबल दचकला. ‘‘मगे कागदार ‘नाय’ कित्याक लिवलात?’’

‘‘लपवलं तिनं. हट्टी आहे. चारचौघांत विचारू नका, मनाला लागेल तिच्या. वारा वाढलाय म्हणून सांगा आणि सोडून द्या.’’

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

‘‘वाऱ्याचा खोटा माझ्या तोंडातना येवचा नाय, साहेब. आमी रोज तेच्या जिवार दर्यात जातो. तेचा नाव घेवन खोटा बोललंय, तर उद्या तो माका खरा करून दाखवतलो. ताईक काय सांगूचा ता तुमीच सांगा. मी गप ऱ्हवतंय.’’

गप राहायला तो तयार होता, तेवढं मला पुरेसं होतं. वारा हाताशी नव्हता, दुसरं काहीतरी हवं होतं. मला सुचायला दोन पावलंसुद्धा लागली नाहीत. अक्कापाशी जाऊन मी खाली वाकलो.

‘‘अक्का, बाबल नको म्हणतोय. म्हणतो, पट्टा तुझ्या पायावर बसायचा नाही. पाय बारीक आहे, निसटेल.’’

अक्कानं आपल्या पायाकडं बघितलं. मग बाबलकडं बघितलं. तो दोर गुंडाळत होता, त्यानं मान वर केली नाही.

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘त्याचा धंदा आहे, त्याला कळणार.’’

वाकून तिनं बाकाखालचा बूट ओढला आणि एकेक पट्टा परत बांधला. चार पट्टे होते. बांधून झाल्यावर सलवार खाली केली, नीट केली आणि माझ्यापुढं हात पसरला.

‘‘आण तुझं घड्याळ. चष्माही दे.’’

मी एकटा वर गेलो.

आवाज अचानक थांबले. इंजिन नाही, माणसं नाहीत, नुसता वारा. पाय खाली सुटलेले. मला आठवतंय, मी पाय हलवून बघितले. ते हलले काय, न हलले काय, कशालाच फरक पडत नव्हता. वाळूचा दांडा माझ्या उजव्या हाताला होता. मान वळवायची तेवढी खोटी. मी वळवली नाही. मी खाली होडीकडंच बघत राहिलो. चष्म्याशिवाय मला एक पांढरा ठिपका दिसत होता आणि त्यात एक मोरपंखी ठिपका. तो माझ्याकडं तोंड करून हात हलवत होता.

भीतीपोटी मान वळवली नाही, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. भीती कसली? चोराच्या मनात चांदणं.

बोट जेटीला लागली. वैजू आणि मुग्धा आधी उतरल्या आणि पायरीवर थांबल्या. बाबलनं अक्काला हात देऊन उतरवलं, पण हात सोडला नाही. खिशातून तिचा घडी घातलेला फॉर्म काढून तिला परत दिला.

‘‘ताई, वायट वाटून घेव नकात,’’ तो म्हणाला. दर्यावरच्या माणसाचं हळू बोलणंसुद्धा जेटीभर ऐकू जातं. ‘‘छातीचा औषधपाणी करा नि पुढल्या वर्षाक येवा. मी स्वतः तुमका वर सोडतंय.’’

‘‘आणि पाय?’’ अक्कानं विचारलं.

‘‘पायाचा काय एक नाय. वर खय चलूचा आसा?’’

अक्कानं वळून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात एखाद्या हुशार मुलीच्या वहीत दुसरीचं अक्षर सापडावं, तसं बघितलं.

‘‘अक्का, छातीला काय झालं तुमच्या?’’ वैजू घाबरून पुढं आली. ‘‘आम्हाला काही बोलला नाहीत ते?’’

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, मला आजही माहीत नाही. अक्का माझ्या आधी बोलली.

‘‘काही नाही गं. जिना चढला की जराशी धाप लागते. दिगूला बोलले होते मागं.’’ मग बाबलकडं वळून म्हणाली, ‘‘येते हं पुढच्या वर्षी. डॉक्टरांना विचारून येते.’’

ती पुढं निघाली. मी तिच्या मागं पिशव्या घेऊन.

संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या घराच्या पडवीत बसलो होतो. वैजू आणि मुग्धा किनाऱ्यावर फिरायला गेल्या होत्या. मला वाटलं, आता अक्का बोलेल. मी मनात उत्तरांची जुळवाजुळव करून ठेवली होती. तुझ्या काळजीनं केलं. साठीची तू. उद्या काही झालं असतं तर?

‘‘दिगू, वर पाय जड होतात का रे?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘पाय आहेत हे कळतच नाही.’’

त्या दिवशी मी तिच्याशी बोललेलं तेवढंच खरं होतं.

‘‘असं का,’’ ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं पर्समधून तो फॉर्म काढला, पाठीमागची कोरी बाजू वर केली आणि पेन्सिलीनं रेघ ओढायला लागली. एकीकडं समुद्र, एकीकडं नदी. मधली पट्टी दक्षिणेकडं निमुळती होत गेलेली.

‘‘टोक आत वळतं ना? नदीकडं?’’

‘‘हो.’’

‘‘किती वळतं? एवढं की एवढं?’’

‘‘एवढं.’’

‘‘आणि पुढं पाण्यात वाळूची बेटं?’’

‘‘आहेत.’’

‘‘नक्की ना? तू बघून आलायस, म्हणून विचारते. चुकीचं नको.’’

‘‘बरोबर आहे, अक्का,’’ मी म्हणालो. ‘‘अगदी असंच दिसतं.’’

तिनं कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला, तारीख घातली आणि कागद मला दिला. ‘‘ठेव तुझ्याकडं.’’

तो अजून आहे माझ्याकडं. पाठीमागं नकाशा आणि पुढच्या बाजूला ‘छातीचा विकार: नाही’. त्याखाली माझी सही.

त्यानंतर अक्का आमच्याबरोबर कुठं आली नाही. हंपीला जायचं ठरलं तेव्हा म्हणाली, गुडघा दुखतो. गणपतीपुळ्याच्या वेळी शेजारणीची मुलं बघायची होती. पुढं पुढं आम्ही विचारायचंही सोडलं. सहलीला गेलो की मीच म्हणतो, तुम्ही जाऊन या, मी बसतो सामानापाशी. मुग्धाला वाटतं बाबा म्हातारे झाले. दोन तास पिशव्यांशेजारी बसून काय वाटतं, ते मला आता माहीत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याचं लक्ष पिशव्यांकडं जातं, आपल्याकडं जात नाही. पण याचा अक्काला काय उपयोग?

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे त्या गोष्टीला नऊ वर्षं झाल्यावर, मी सांगलीला तिच्याकडं गेलो. ती गॅलरीत उन्हाला बसून मटार सोलत होती. मी समोर बसलो. खिशातून तो कागद काढून तिच्यासमोर ठेवला. तिनं चष्मा लावून बघितला.

‘‘अजून ठेवलायस?’’

‘‘अक्का, मी दांडा बघितलाच नव्हता. वरनं. मी खोटं सांगितलं.’’

‘‘ठाऊक आहे मला. जे विचारीन त्याला हो म्हणत होतास. शिक्षिका आहे मी.’’ ती हसली. ‘‘मुग्धानं मोबाईलवर उपग्रहाचं चित्र दाखवलं नंतर. टोक बरोबर आलंय. बेटं जरा जास्त काढली मी.’’

‘‘आणि ते छातीचं...’’

‘‘तेही ठाऊक आहे.’’

‘‘मला काळजी वाटली म्हणून नाही गं केलं ते.’’ मी म्हणालो. ‘‘ती पोरं बघत होती. तुझ्या पायाकडं. मला लाज वाटली. ती बारा टाळकी मला आयुष्यात पुन्हा कधी दिसणार नव्हती, आणि त्यांच्यापायी मी...’’

‘‘आठ,’’ अक्का म्हणाली. ‘‘आठ होती. आपण धरून बारा.’’

तिनं एक शेंग उचलली, सोलली, दाणे पातेल्यात टाकले. मग दुसरी घेतली, पण सोलली नाही. बोटांत धरून बसली.

‘‘वर जायचं राहिलं त्याचं मला काही नाही, दिगू. आयुष्यात पुष्कळ राहतं माणसाचं. तू शाळेत जाताना पुढं पुढं चालायचास ना? गल्लीतनं बाहेर पडलं की भरभर, दहा-वीस पावलं पुढं. मी आईला सांगायची, दिगूचे पाय चांगलेत, त्याला हळू चालवत नाही. मैत्रिणींनाही सांगायची. पन्नास वर्षं मी तेच धरून होते.’’

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. अक्कानं तो कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला.

‘‘त्या दिवशी होडीतनं उतरले, तेव्हा कळलं,’’ ती म्हणाली.